खिडकींतील रोपटें किती वाढतें ?

भिवंडीच्या ब्राह्मण आळींत काय किंवा गांवाबाहेरच्या नव्या वसाहतींत काय, वाडे जाऊन त्यांच्या जागीं मजल्यांवर मजले चढले आणि अंगणाबरोबर अंगणांतील झाडेंही गेलीं. तुळस तेवढी गॅलरींत राहिली. परंतु झाडांची हौस अंगणाबरोबर जात नाहीं. ती खिडकीच्या जाळीवर, जिन्याच्या वळणावर, देवघराशेजारच्या कोनाड्यांत येऊन बसते आणि त्या जागेस साजेशीं ठेंगणीं, जाड पानांचीं रोपें आपलीशीं करते. रोपवाटिकेंत असें चार बोटें उंचीचें रोपटें हातीं घेतलें कीं गृहिणीचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘हें घरांत केवढें होईल ?’ विकणारा म्हणतो, ‘एवढेंच राहील.’ सहा महिन्यांनीं पाहावें तों एक रोप आहे तेवढेंच आहे, दुसरें खिडकीच्या गजांबाहेर डोकावत आहे आणि तिसरें कुजून गेलें आहे. तिघांनाही पाणी एकाच तांब्यानें घातलेलें असतें. तेव्हां हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं, आणि त्याचें उत्तर केवळ शोभेपुरतें महत्त्वाचें आहे असेंही नाहीं, हें पुढें दिसून येईल.

निवडुंग व कोरफड यांस वनस्पतिशास्त्रांत मांसल म्हणतात. त्यांचें अंग म्हणजे पाण्याची कोठीच. उलटपक्षीं जास्वंदीचें किंवा मोगऱ्याचें पान पातळ असतें. कुंडी एक दिवस कोरडी राहिली तर तें मान टाकतें. या दोहोंच्या मधल्या ज्या वनस्पति, ज्यांचें पान दोन बोटांत धरून वांकविलें असतां कचकन् मोडतें आणि बोट ओलें करतें, त्यांस अर्धमांसल म्हणावयास हरकत नाहीं. आपल्या घरांत या वर्गांतील तीन पाहुणे प्रामुख्यानें दिसतात : पानओवा, पानफुटी आणि अलीकडे रोपवाटिकांतून येणारा पेपेरोमिया. पानफुटी त्यांतल्या त्यांत अधिक मांसल. तिघांचीही वाढण्याची तऱ्हा निराळी असल्यामुळें, ‘केवढें होईल ?’ या प्रश्नाच्या आधीं ‘हें कोणतें ?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

आणि येथेंच पहिली अडचण येते. हिंदी बोलणारा माळी पानफुटीस ‘पत्थरचट्टा’ म्हणतो. पानओव्यासही कोठें कोठें ‘पत्थरचूर’ म्हणतात. दोन्ही नांवांत दगड आहे. मग कोणी जाणता गृहस्थ पुढें येऊन सांगतो कीं हा आपल्या ग्रंथांतील पाषाणभेद होय, आणि घरांतील ज्या कोणास मुतखड्याचा विकार असेल त्यास रोज सकाळीं अनशापोटीं त्याचें पान देण्यास सुरुवात होते. चरकसंहितेंत मूत्रविरेचनीय द्रव्यांच्या दशकांत पाषाणभेदाचें नांव आहे, हें खरें. परंतु पानफुटी ही मूळची मादागास्कर बेटांतली. कलकत्त्याच्या बागेंत ती १७९९ सालीं मोलुक्का बेटांतून आली आणि मद्रासच्या गव्हर्नराची पत्नी लेडी क्लाइव्ह हिनें ती आणविली, अशी त्या बागेच्या दप्तरीं नोंद आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वींच्या चरकानें या वनस्पतीचें वर्णन केलें असेल, हें संभवत नाहीं. आजचे वैद्यही पाषाणभेद म्हणून बहुधा हिमालयांतील एका निराळ्याच वनस्पतीचें मूळ घेतात. नामसाम्यावरून द्रव्यसाम्य मानण्याची संवय आपल्याकडे फार जुनी आहे. व्याकरणांत ती चालून जाते, औषधांत चालत नाहीं.

ओळख पटविण्यास शास्त्राची गरज नाहीं. पान चुरगळून नाकाशीं धरावें. ओव्याचा तीव्र वास आला आणि पानावर बारीक मऊ लव असली तर तो पानओवा. वास नाहीं, पान गुळगुळीत आहे, कडेला गोलसर खांचा आहेत आणि त्या खांचांच्या कडांवर तांबूस छटा आहे, तर ती पानफुटी. वास नाहीं, पान चकचकीत आहे आणि कडा सरळ आहेत, तर बहुधा पेपेरोमिया.

आतां वाढीकडे वळूं. घरांतील रोपाचा आकार ठरविण्यांत पहिला मान उजेडाचा. बाहेर भर दुपारीं सूर्याचा प्रकाश सुमारें एक लाख लक्स असतो. त्याच वेळीं खिडकीपासून पांच-सहा फूट आंत कांहीं शेंकडे लक्सच उरतात. आपल्या डोळ्यांची बाहुली विस्फारून आपणांस फसविते, म्हणून ती खोली आपणांस उजेडाची वाटते; रोपाला तशी सोय नाहीं. मंद उजेडांत ठेवलेलें रोप प्रथम उंच होतें. पेरें लांबतात, पानें लहान व विरळ येतात, खोड फिकें पडतें आणि सबंध रोप खिडकीकडे झुकतें. घरांतील मंडळी कौतुकानें म्हणतात, ‘पाहा, महिन्यांत वीतभर वाढलें !’ परंतु अर्धमांसल रोपाची वाढ मोजावयाची ती उंचीनें मोजूं नये. दोन पानांच्या जोड्यांमधील अंतर मोजावें. तें अंतर बोटाच्या एका पेराएवढें असेल तर रोप सुखांत आहे. दोन-तीन पेरांएवढें झालें तर तें उपाशी आहे.

असें कां होतें याचा शोध चार्ल्स डार्विननें आपला मुलगा फ्रान्सिस याच्या साह्यानें केला आणि १८८० सालीं प्रसिद्ध केला. गवताच्या कोवळ्या कोंबाचा शेंडा झांकला तर कोंब उजेडाकडे वळत नाहीं, असें त्यांस दिसून आलें. अर्थात् उजेड ओळखणारी जागा शेंड्यांत. पुढें १९२८ सालीं फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञानें शेंड्यांतून खालीं उतरणारा, वाढीस कारण होणारा एक पदार्थ असतो, हें प्रयोगानें दाखविलें. हाच पदार्थ बगलेंतील कळ्यांस दाबून ठेवण्यास कारणीभूत होतो. शेंडा खुडला कीं तो दाब नाहींसा होतो आणि बाजूच्या कळ्या जाग्या होतात. हें सारें आपल्या आजीस ठाऊक नव्हतें. पण तुळशीच्या मंजिऱ्या व शेंडे खुडावे, म्हणजे तुळस डेरेदार होते, हें तिला पक्कें ठाऊक होतें.

दुसरा मान कुंडीचा. मुळांस जागा जितकी, तितकाच वर पसारा, हा अनुभव सर्वांनाच आहे. परंतु त्याचें माप घेण्याचें काम २०१२ सालीं झालें. निरनिराळ्या वनस्पतींवरील पुष्कळ प्रयोगांचे आंकडे एकत्र करून हेंड्रिक पूर्टर व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं कुंडीचें आकारमान दुप्पट केलें तर रोपाचा भार सरासरीनें शेंकडा ४३ नें वाढतो. कुंडी दुप्पट केली म्हणून रोप दुप्पट होत नाहीं, हें यांतून लक्षांत घेण्यासारखें आहे. शिवाय अर्धमांसल रोपांच्या बाबतींत मोठ्या कुंडीचा मोह घातक ठरतो. त्यांचीं मुळें थोडीं व बारीक. भोंवतालची पुष्कळ माती ओली राहते, तिच्यांतील हवा निघून जाते आणि मुळें गुदमरून कुजतात. म्हणून कुंडी बदलावयाची ती पहिलीपेक्षां दोन बोटेंच रुंद घ्यावी.

पानओव्याबद्दल फार लिहिण्यासारखें नाहीं, कारण तो प्रामाणिक आहे. तो तुळशीच्या कुळांतला. मसाल्याच्या डब्यांतील ओव्याशीं त्याचें रक्ताचें नातें नाहीं, कारण तो ओवा धने-जिऱ्यांच्या कुळांतला. वास मिळतो तो उभयतांच्या तेलांत थायमॉल व कार्व्हाक्रॉल यांसारखीं द्रव्यें असल्यामुळें. बाहेर जमिनींत तो दोन हात उंच होतो आणि त्याहून अधिक पसरतो; फांदी जमिनीस टेंकली कीं तेथें मुळें धरते. घरांत, दिवसांतून दोन-तीन तास ऊन येणाऱ्या खिडकींत, एक वीत तोंडाच्या कुंडींत तो फूट-दीड फूट होतो व कडेवरून खालीं लोंबूं लागतो. ज्या घरांत त्याच्या पानांचीं भजीं होतात, त्या घरचा पानओवा नेहमीं अधिक दाट व ठेंगणा असतो, कारण स्वयंपाकघर त्याचे शेंडे खुडण्याचें काम नकळत करीत असतें. वर्ष-दोन वर्षांनीं खोड लांकडासारखें होऊन खालचीं पानें गळतात. तेव्हां चार बोटांचा शेंडा कापून नव्या मातींत खोंचावा. जुन्या झाडाची सेवा करीत बसण्यांत अर्थ नाहीं.

पानफुटीचें चरित्र मात्र एखाद्या कादंबरीसारखें आहे. शाळेंत ज्यानें विज्ञान म्हणून कांहींही शिकलें असेल त्यास ती ठाऊक असतेच : पानाच्या खांचेंतून इवलीं रोपें फुटतात, आणि पुस्तकाच्या पानांत दडवून ठेवलें तरी फुटतात. जर्मन कवि गटे यास या वनस्पतीचें वेड होतें. तो तिचीं पानें मित्रमंडळींस भेट म्हणून देत असे. परंतु गटेपेक्षां आपल्या विषयास उपयोगी दोन माणसें निराळीं आहेत.

त्यांतला पहिला बेंजामिन हाइने. हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनी सरकारच्या चाकरींत मद्रास इलाख्यांत होता. बागेंतील पानफुटीचें पान त्यानें निरनिराळ्या वेळीं चाखून पाहिलें. सकाळीं तें चुक्याइतकें आंबट लागे. दुपारीं बेचव होई. संध्याकाळीं किंचित् कडवट. ही हकीकत त्यानें १८१३ सालीं लंडनच्या विद्वानांस पत्रानें कळविली आणि ती लिनियन सोसायटीच्या ग्रंथांत १८१५ सालीं छापली गेली. हिंदुस्थानांतील एका बागेंत जिभेनें लागलेल्या या शोधाचें मर्म उलगडावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. सामान्य झाड दिवसा पानांचीं सूक्ष्म छिद्रें उघडून हवेंतील कर्बवायु घेतें. तसें करतांना पाणीही गमावतें. पानफुटी दिवसा छिद्रें मिटून बसते, रात्रीं थंड हवेंत उघडते, आणि घेतलेला वायु आम्लाच्या रूपानें सांठवून ठेवते. सकाळच्या आंबटपणाचें कारण हें. दिवस उजाडला कीं उन्हाच्या साह्यानें त्या आम्लाचें साखरेंत रूपांतर होतें आणि आंबटपणा ओसरतो. पाण्याची यांत विलक्षण बचत होते. परंतु रात्रभरांत सांठवावयाचें तें पानाच्या पोटांत मावेल तेवढेंच, म्हणून वाढीचा वेग बेताचा राहतो. आठ दिवस गांवीं जाऊन परत आलें तरी पानफुटी टवटवीत दिसते आणि आठ दिवसांत वाढलेली मात्र दिसत नाहीं, याचें इंगित यांत आहे. (रात्रीं घरांत झाड ठेवूं नये, असें म्हणणारांनीं पानफुटीस तरी दोष देऊं नये. मात्र एका कुंडीनें खोलींतील हवा शुद्ध होते, असें सांगून जे रोपांची किंमत वाढवितात, त्यांच्यावरही विश्वास ठेवूं नये.)

दुसरा माणूस जाक लोब. अमेरिकेंत काम करणाऱ्या या शास्त्रज्ञानें अनेक वर्षें पानफुटीवर प्रयोग केले आणि ते १९२४ सालीं, त्याच्या मृत्यूच्या वर्षीं, पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाले. त्यानें एकाच पेरावरचीं समोरासमोरचीं दोन पानें घेतलीं, एकाचा भाग कापून तें लहान केलें, आणि दोहोंतून फुटलेल्या कोंबांचें व मुळांचें वजन केलें. तें पानाच्या वजनाच्या प्रमाणांत निघालें : पान जितकें जड, तितकी संतति जड. मुलांकरितां हा प्रयोग घरीं करण्यासारखा आहे. दोन सारखीं पानें घ्यावीं, एक अर्धें कापावें, दोन्ही ओलसर फडक्यावर ताटलींत ठेवावीं आणि तीन-चार आठवड्यांनीं मोजावें. तराजू नसला तरी डोळ्यांस फरक दिसेल. घरांत पानापासून रोप करावयाचें असेल तर खालचें, पुरतें पोसलेलें पान निवडावें, हा त्यांतला व्यवहार.

मोकळ्या जमिनींत पानफुटी पुरुषभर उंच होऊं शकते. कोवळेपणीं तिचें पान एकेरी असतें. वय वाढलें कीं तेंच पान तीन किंवा पांच पर्णिकांचें होतें. घरांत ती दोन ते तीन फुटांवर थांबते, आणि त्यांतली बरीचशी उंची उजेडाच्या शोधांत मिळविलेली असते. घरांत फुललेली पानफुटी क्वचितच पाहावयास मिळते. बाहेर ती थंडीच्या दिवसांत कागदी आकाशकंदिलासारखीं लोंबतीं फुलें धरते. तिच्या जवळच्या नात्यांतलें जें कलांचो नांवाचें रोप फुलांकरितां विकलें जातें, त्यास फुलावयास लांब व अखंड काळोखी रात्र लागते, हें प्रयोगांनीं ठरलेलें आहे. मध्यरात्रीपर्यंत दिवा जळणाऱ्या खोलींत तें नुसतीं पानें काढीत राहतें.

आतां त्या रोज सकाळच्या पानाविषयीं. पानफुटीच्या अंगीं हृदयाच्या गतीवर परिणाम करणारीं द्रव्यें आहेत. डिजिटॅलिस या प्रसिद्ध औषधाशीं त्यांचें साधर्म्य आहे. या कुळांतल्या रोपांचा पाला, विशेषतः फुलें, खाऊन ऑस्ट्रेलियांत गुरें दगावलीं आहेत. एखादें पान चाखल्यानें माणूस मरत नाहीं, हाइनेही मेला नाहीं. परंतु महिनोन् महिने रोज पानें खाणें ही निराळी गोष्ट आहे. आमच्या एकत्र कुटुंबांतून मुतखड्याचा विकार असलेले थोरले काका बहुधा हृदयाच्या औषधावरही असतात, आणि दोन्ही गोष्टी एका पोटांत जातात हें ना औषध देणाऱ्या डॉक्टरास ठाऊक असतें, ना पान तोडून आणणाऱ्या सूनबाईस. वडील माणसाच्या उपचारास नाहीं म्हणणें सुनेस कठीण जातें, हें मी जाणतों. तिनें नाहीं म्हणूं नये. डॉक्टरांकडे जातांना ते पान बरोबर न्यावें व दाखवावें. दमडीच्या रोपट्याचें नांव नीट ठाऊक असणें कां अगत्याचें, तें याकरितां. पानओवा भज्यांत चालतो; पानफुटी त्याच कठड्यावर, त्याच मापाच्या कुंडींत शेजारीं उभी असते, आणि भज्यांकरितां पानें आणावयास पाठविलेला दहा वर्षांचा मुलगा वास घेऊन पाहीलच असें नाहीं. दोन कुंड्या दोन निराळ्या खिडक्यांत ठेवाव्या.

राहिला पेपेरोमिया. हें नांव विलायती वाटलें तरी त्याचा गाभा आपला आहे. संस्कृत ‘पिप्पली’ हा शब्द व्यापाराबरोबर पश्चिमेस गेला, ग्रीकांनीं त्याचें ‘पेपेरि’ केलें, लॅटिनांत तें ‘पिपेर’ झालें आणि इंग्रजींत ‘पेपर’. पुढें स्पेनच्या रुइझ व पाव्होन या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनीं दक्षिण अमेरिकेंतील रोपांस १७९४ सालीं ‘मिऱ्यासारखें’ अशा अर्थाचें हें ग्रीक नांव दिलें. म्हणजे पिप्पली अर्धें जग फिरून, अमेरिकेंतल्या एका रोपट्याच्या अंगावर बसून, परत आपल्या खिडकींत आली ! आणि नांव यथार्थही आहे, कारण हें रोप खरोखरीच मिरी, पिंपळी आणि विड्याचें पान यांच्या कुळांतलें आहे. त्याला उंदराच्या शेंपटीसारखा जो बारीक हिरवा तुरा येतो, त्याची पिंपळीच्या कणसाशीं तुलना करून पाहावी.

या कुळींत हजाराहून अधिक जाति आहेत आणि बहुतेक ठेंगण्या आहेत. मूळ रानांत यांतल्या पुष्कळ मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, शेवाळ्यांत, मूठभर पालापाचोळ्यावर जगतात. तेथें पाऊस पुष्कळ, पण पाणी सांठावयास माती नाहीं. म्हणून पानाच्या वरच्या कातडीखालीं पाणी धरणाऱ्या पेशींचे थर असतात. मोठ्या झाडाच्या सावलींत राहण्याची संवय असल्यामुळें घरांतील मंद उजेड त्यांना इतरांपेक्षां अधिक मानवतो. रोपवाटिकेंत सर्रास मिळणारी गोल, जाड, चकचकीत पानांची जात घरांत फूटभर उंच होते आणि तेवढीच रुंद. त्यापुढें खोड आडवें पडूं लागतें. पानांवर सुरकुत्या असलेली जात वीतभरच राहते. या रोपाच्या बाबतींत विकणाऱ्याचें ‘एवढेंच राहील’ हें वचन जवळजवळ खरें ठरतें, आणि वीतभर रुंदीच्या कुंडीवर त्यास कधींच जागा लागत नाहीं. याचाच एक भाऊबंद आपल्याकडे न बोलावतां आला आहे : पावसाळ्यांत न्हाणीच्या भिंतीशीं, दगडांच्या फटींत, कांचेसारख्या पारदर्शक देठाचें व बदामाकृति पानांचें जें वीतभर तण उगवतें, तेंही पेपेरोमियाच होय.

भिवंडीकरांस दोन गोष्टी विशेष सांगावयाच्या. येथें मागांचा खडखडाट जेथें जेथें ऐकूं येतो, तेथें सुताची बारीक धूळ घरांत येते आणि पानांवर बसते. आधींच अपुरा असलेला उजेड तीमुळें आणखी अडतो. पेपेरोमियाचीं व पानफुटीचीं पानें आठवड्यांतून एकदां ओल्या फडक्यानें हलक्या हातानें पुसावीं; पानओव्याच्या लवेवर फडकें चालत नाहीं, त्यास मोरीवर नेऊन पाण्याची झारी द्यावी आणि निथळूं द्यावें.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. आषाढ-श्रावणांत भिंती ओलावतात, कपडे वाळत नाहींत आणि कुंडींतलें पाणीही वाळत नाहीं. घरांतील अर्धमांसल रोपें मरतात तीं याच दिवसांत, आणि बहुधा उन्हाळ्यांत लागलेल्या संवयीनें रोज पाणी घातल्यामुळें. या दिवसांत मातींत बोटाचें दुसरें पेर बुडेपर्यंत बोट घालून पाहावें. ओल लागली तर तांब्या परत न्यावा. मातींत एक भाग जाड रेती व थोडा विटांचा चुरा घालावा आणि कुंडीखालच्या बशींत पाणी सांचूं देऊं नये. कुंडी बदलणें, शेंडे खुडणें, नवीं कलमें लावणें हीं कामें पाऊस उघडून हवा कोरडी झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास करावीं. त्या वेळीं घर झाडतांना कुंड्या हलवाव्याच लागतात. तेव्हांच प्रत्येक कुंडी अर्धी फिरवून ठेवावी, म्हणजे खिडकीकडे झुकलेलें रोप दोन महिन्यांत पुन्हां सरळ होतें.